गोळी चालवायचीच तर शिशाची नको

रानडुक्कर मारू द्यावं की नाही, यावर कोकणात दोन तट आहेत आणि ते लवकर मिटतील असं दिसत नाही. भात पोटरीला आलं की डुकरांचा कळप एका रात्रीत मळा उखडून जातो. सुरण, कणगी, केळी, कोवळे माड, काही म्हणजे काही ठेवत नाही. शेतकऱ्याची चीड खरी आहे, आणि रानातले प्राणी राहिले पाहिजेत म्हणणाऱ्यांचं म्हणणंही खरं आहे. पण या भांडणात एक गोष्ट दोघांकडूनही बोलली जात नाही. डुक्कर परवानगीनं मारलं काय नि चोरून मारलं काय, त्याच्या अंगात जातं ते शिसंच, आणि ते डुकरापाशी थांबत नाही.

“शिकारीला बंदीच आहे, मग गोळी कशाची याची चर्चा कशाला?” असं विचारणारे भेटतात. त्यांनी कायदा नीट वाचावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या कलम ९ नं शिकार बंद केली. त्याच कायद्याचं कलम ११ सांगतं की उभ्या पिकाला किंवा माणसाच्या जिवाला धोका झालेला प्राणी मारण्याची परवानगी अधिकारी लेखी आदेशानं, कारण नोंदवून देऊ शकतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे आणि ही वाट त्याच्यासाठी खुली आहे. मारलेलं जनावर कलम ३९ प्रमाणे सरकारची मालमत्ता. म्हणजे कोणी मारायचं, का मारायचं, मेल्यावर ते कोणाचं, या सगळ्याची उत्तरं कायद्यात आहेत. गोळी कुठल्या धातूची असावी याबद्दल कलम ११ मध्ये अक्षर नाही. याच देशानं २००० साली पेट्रोलमधलं शिसं काढलं आणि २०१७ पासून घरगुती रंगात शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा घातली. बंदूक तेवढी राहून गेली.

आणि कोकणात बंदूक ही काही दुर्मीळ वस्तू नव्हे. शेती संरक्षणाचे परवाने सिंधुदुर्ग-रत्नागिरीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. निवडणूक लागली की त्या बंदुका पोलिस ठाण्यात जमा करायच्या आणि नेमक्या त्याच दिवसांत राखणीला माणूस हात हलवत बसायचा, ही तक्रार दर खेपेला होते. परवान्याची बंदूक बहुधा बाराबोरची, एकनळी नाहीतर दुनळी. तिच्या नेहमीच्या काडतुसात साधारण ३२ ग्रॅम शिसं असतं. सहा नंबरचं काडतूस असेल तर त्याचे तीनशेच्या आसपास बारीक छर्रे होतात. डुकरासाठी वापरतात ते एलजी किंवा एसजी, म्हणजे मोजक्याच जाड दाण्यांची काडतुसं. एलजीचा एक दाणा पावणेपाच ग्रॅमच्या घरात, एसजीचा साडेतीन. याखेरीज बिनपरवान्याच्या ठासणीच्या बंदुका आहेत. त्यांत काय भरलं जातं त्याची मोजदाद कुठेच नाही.

शिसं मऊ असतं. शिकाऱ्याला ते आवडतं ते त्यासाठीच आणि घात होतो तोही त्यानंच. मांसात शिरल्यावर ते पसरतं, हाडावर आपटलं की फुटतं. रायफलच्या वेगवान गोळीनं मारलेल्या हरणांची क्ष-किरण चित्रं परदेशांत काढली गेली, तेव्हा जखमेच्या वाटेभोवती शिशाचे शेकडो कण दिसले, काही तर वाटेपासून वीतभर दूर. बाराबोरच्या मंद आणि जाड दाण्याचा इतका भुगा होत नाही, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. रायफलचे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लावणं बरोबर नाही. पण डुकराच्या खांद्याचं हाड जाड असतं आणि नेम तिथेच धरला जातो. बारीक छर्ऱ्यांनी मारलेल्या पक्ष्यांचंही तेच. ब्रिटनमध्ये मांस शिजवून, दिसले ते छर्रे हातानं वेचून काढून मग तपासलं, तरी शिसं उरलेलं होतं. डोळ्याला दिसलं ते काढलं म्हणजे झालं, असं होत नाही.

आता हिशेब करू. युरोपात गुराच्या, मेंढीच्या, डुकराच्या मांसात शिशाची कमाल मर्यादा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम आहे. एक मिलिग्रॅम शिसं म्हणजे रव्याच्या कणाएवढा तुकडा. असा एकच तुकडा दहा किलो मटणाला त्या मर्यादेपर्यंत नेतो. एलजीच्या एका दाण्याचा शंभरावा भाग जरी झिजून मांसात राहिला तरी असे सत्तेचाळीस तुकडे होतात. पोटात गेलेलं सगळं शिसं रक्तात उतरत नाही, बरंचसं तसंच बाहेर पडतं. मात्र किती उतरणार हे स्वयंपाक आणि खाणारा यांच्यावर ठरतं, आणि इथे कोकणची चूल आडवी येते.

शिसं आंबटात विरघळतं. स्पेनमध्ये छर्रे असलेलं लाव्याचं मांस व्हिनेगरमध्ये शिजवून पाहिलं, तेव्हा साध्या शिजवणीपेक्षा कितीतरी जास्त शिसं मांसात उतरलं. आपल्याकडे रानडुकराची सागोती आमसुलं टाकून मंद आचेवर तासन्‌तास रटरटते. किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती घरांत डुकराच्या मांसाला शिर्का लागतोच. चरबी जाड, मांस चिवट, म्हणून शिजवायचं जास्त वेळ. चव यावी म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गरम करायचं. यातलं प्रत्येक पाऊल शिशाच्या सोयीचं आहे. परवानगीशिवाय मारलेल्या डुकराचं मांस बाळगणं गुन्हा, आणि परवानगीनं मारलेलं तर सरकारचं. तेव्हा ते कोणाच्याच ताटात नसायला हवं. पण गावोगाव वाटे पडतात हे सर्वांना ठाऊक आहे, आणि वाटा ज्याच्या घरी जातो त्या घरातलं पोर काही गुन्हेगार नसतं.

त्या पोराचंच मोठं नुकसान होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे लहान मूल पोटात गेलेलं शिसं मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शोषून घेतं. शरीर शिशाला कॅल्शियम समजतं आणि हाडात साठवतं. तिथे ते वर्षानुवर्षं बसून राहतं आणि गरोदरपणात, हाड झिजायला लागलं की, पुन्हा रक्तात येतं. अंगात लोह कमी असेल तर शोषण वाढतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या, यावरून जोखीम कुठे आहे ते कळावं. शिशाची ‘एवढी चालेल’ अशी आठवड्याची मात्रा पूर्वी दिलेली होती. २०१० साली तज्ज्ञ समितीनं ती मागे घेतली, कारण चालेल असा आकडाच सापडेना. लक्षणं तर दिसतच नाहीत. पोट दुखतं, चिडचिड होते, शाळेत लक्ष लागत नाही. यांतल्या कशासाठीही कोणी रक्तातलं शिसं तपासत नाही.

“आमचे आजे-पणजे खात आले, काही झालं नाही” हे उत्तर ठरलेलं. आजोबांची बुद्धी शिशाशिवाय किती चालली असती हे मोजायला दुसरे आजोबा नव्हते, एवढंच यावर म्हणता येतं.

ठासणीच्या बंदुकीची गोष्ट याहून वाईट. तिची गोळी घरी ओतली जाते. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे साध्या चुलीवर. शिसं येतं कुठून, तर जुन्या जाळ्याची शिसं नाहीतर गाडीची मेलेली बॅटरी. बॅटरीच्या पट्ट्यांवरचा लगदा हा शिशाचा सल्फेट आणि ऑक्साइड असतो. फोडताना त्याची धूळ उडते आणि ती अखंड शिशाच्या तुकड्यापेक्षा फार लवकर अंगात भिनते. वितळलेल्या शिशावर साय धरते, ती काढून अंगणात फेकली जाते. आच वाढली, पाचशे अंशांच्या आसपास गेली, की वाफही धरते. गोळी लागेल तेव्हा डुकराला लागेल, पण ही राख त्याच दिवशी रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागलेली असते. ज्या घरात गोळ्या ओतल्या जातात त्या घराला शिकार मिळाली नाही तरी शिसं मिळतंच.

रानाचं काय होतं, तेही पाहू. पक्ष्याला दात नसतात. धान्य दळायला बदक खडे गिळतं आणि पेषणीत, म्हणजे पोटातल्या दळणाच्या पिशवीत, साठवतं. खाजणातल्या चिखलात पडलेला छर्रा त्याला खडाच वाटतो. पेषणी तो दळते, पोटातलं आम्ल विरघळवतं आणि मोजके छर्रेसुद्धा बदकाला संपवतात. असं मेलेलं बदक सापडत नाही. ते अशक्त होतं, पंख लोंबतात, झुडपात शिरतं, कोल्हा उचलून नेतो. तलवार बदकं, थापट्या, चक्रवाक हिवाळ्यात आपल्या खाड्यांवर येतात, त्यांच्यावर छर्रा झाडणं हा गुन्हा आहेच. पण चुकलेला छर्राही चिखलात राहतोच, आणि तो पुढच्या हिवाळ्यातल्या पक्ष्यासाठी राहतो.

मांसभक्षी पक्ष्यांची कथा वेगळी. जखमी डुक्कर पळून जाऊन जांभळीच्या रायात मरतं, किंवा जागेवर सोललं तर आतडी तिथेच पडतात. आतड्यांत आणि जखमेच्या मांसात शिसं सगळ्यात जास्त. गिधाडाच्या पोटातलं आम्ल इतकं तीव्र की शिशाचा कण त्यात टिकत नाही. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळ चिरगावला पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची वसाहत लोकांनी राखली आहे. किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड अजून घरटी करतो. भारतातली गिधाडं शिशानं गेली नाहीत, ती गेली गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकनं, आणि त्या औषधाचा पशुवैद्यकीय वापर २००६ साली बंद झाला. पण हजारोंतून मूठभर उरल्यावर दुसरं विष लहान म्हणून सोडता येत नाही. कॅलिफोर्नियातल्या काँडोर गिधाडांचं हेच झालं. १९८२ साली ती २२ उरली होती. पिंजऱ्यात वाढवून पुन्हा रानात सोडली, आणि सोडलेल्यांच्या मृत्यूंचं पहिलं कारण निघालं शिकाऱ्याच्या शिशाचे कण. शेवटी त्या राज्यानं १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाचा दारूगोळाच बंद केला.

आता आक्षेप. पहिला आक्षेप किनाऱ्यावरचा माणूस घेतो आणि तो टाकाऊ नाही: बंदुकीचं शिसं ते किती, आमच्या पागाला (फेकून टाकायच्या जाळ्याला) आणि मोठ्या जाळ्यांना त्याच्या कितीतरी पट लागतं, त्याचं काय? मान्य. जाळ्याच्या शिशाचा प्रश्न स्वतंत्रपणे घ्यायला हवा. ब्रिटननं गळाच्या लहान शिशांवर १९८७ सालीच बंदी घातली, हंस मरत होते म्हणून. पण जाळ्याचं शिसं जाळ्याला बांधलेलं राहतं, फाटलं तर पुन्हा काढून घेतलं जातं. बंदुकीचं शिसं फुटून विखुरण्यासाठीच सोडलेलं असतं आणि थेट अन्नात जातं. वजन कुठे जास्त यापेक्षा तोंडापर्यंत काय पोचतं ते पाहावं.

उलट, या बाजूनंही एक अतिशयोक्ती होते, तीही नको. छर्ऱ्यांमुळे विहिरी नासतील असं म्हटलं जातं. कोकणची माती आम्लधर्मी, पाऊस धो धो, त्यामुळे शिसं गंजतं लवकर हे खरं. पण जांभ्याच्या मातीत लोहाचे ऑक्साइड भरपूर असतात आणि ते शिसं घट्ट धरून ठेवतात. बहुतेक शिसं वरच्या थरातच राहतं. विहिरीपेक्षा मातीत चरणाऱ्या कोंबडीची आणि मातीत खेळणाऱ्या मुलाची काळजी करणं जास्त बरोबर.

दुसरा आक्षेप जाणकार बंदूकवाल्याचा: शिशाला तोड नाही. या बोलण्यात तथ्य आहे, म्हणून जरा थांबून. शिशाची घनता ११.३, लोखंडाची ७.८. तेवढ्याच आकाराचा लोखंडी छर्रा हलका, म्हणून त्याचा जोर हवेत लवकर सरतो. उपाय ठरलेला आहे: छर्रा दोन नंबर मोठा घ्यायचा आणि पल्ला कमी धरायचा. डेन्मार्कनं १९९६ सालीच शिशाचे छर्रे सरसकट बंद केले आणि २०२४ मध्ये रायफलच्या शिशाच्या गोळ्याही. तिथे शिकार आजही चालते. अमेरिकेत पाणपक्ष्यांसाठी १९९१ पासून शिसं चालत नाही. युरोपीय संघानं पाणथळ जागांत आणि त्यांच्या भोवतीच्या शंभर मीटरमध्ये फेब्रुवारी २०२३ पासून शिशाचे छर्रे बंद केले. तेव्हा ‘जमणारच नाही’ हे खरं नाही.

‘कोकणात जसंच्या तसं जमणार नाही’ हे मात्र खरं. इथल्या परवान्याच्या बंदुका जुन्या, पुष्कळशा वाडवडिलांच्या नावावरून आलेल्या. नळीच्या तोंडाशी आवळण असते, तिला चोक म्हणतात. शिसं मऊ असल्यानं त्यातून दबून निघतं. लोखंड दबत नाही. फुल चोकच्या जुन्या पातळ नळीत लोखंडी छर्रे झाडले तर तोंडाशी फुगवटा येतो, कधी नळी जाते. म्हणून लोखंडी छर्ऱ्याला जाड प्लॅस्टिकचा पेला असलेलं काडतूस आणि अर्ध्या चोकपर्यंतची, तपासून शिक्का मारलेली नळी लागते. जुन्या नळीला योग्य ते बिस्मथ: घनता ९.७ च्या आसपास, शिशापेक्षा थोडंच हलकं, मऊ, पण महाग. डुकरासाठी एकाच घन तांब्याच्या गोळीचं काडतूस असतं. ते बाराबोरच्या मापातही मिळतं आणि त्याचा भुगा होत नाही. तांबं हलकं म्हणून गोळी लांबट असते आणि नेम नव्यानं बसवून घ्यावा लागतो. आणखी एक गोष्ट: लोखंडी छर्रा कातळावर आपटला की शिशापेक्षा जोरात उसळतो. सड्यावर, जिथे चहूकडे उघडा जांभा आहे, तिथे आजूबाजूला माणसं असताना तो झाडू नये.

इथे एक धोक्याची सूचना ठळकपणे द्यायला हवी. ‘शिसं नको, लोखंड घ्या’ एवढंच अर्धं वाक्य गावात पोचलं तर कोणीतरी सायकलच्या बेअरिंगच्या गोळ्या नळीत भरणार. छर्ऱ्यासाठी वापरतात ते लोखंड मुद्दाम तापवून मऊ केलेलं असतं, कठीणपणा मोजायच्या विकर्स मापावर शंभरच्या आसपास. बेअरिंगची गोळी सातशेच्या वर, म्हणजे नळीच्या पोलादापेक्षाही कठीण. ती नळी चरत जाते आणि अडकली तर बंदूक चालवणाऱ्याच्याच तोंडावर फुटते. शिशाला पर्याय हा कारखान्यातून तपासून आलेल्या काडतुसाचाच असतो, घरगुती नव्हे.

म्हणूनच हा भार शेतकऱ्याच्या डोक्यावर टाकून मोकळं होता येणार नाही. बाराबोरची काडतुसं पुण्याजवळ खडकीच्या सरकारी कारखान्यात होतात. जे सरकार डुक्कर मारायची परवानगी देतं त्यानंच बिनशिशाचं काडतूस बनवून घ्यावं आणि परवानगीच्या कागदावर एक ओळ वाढवावी: याच काडतुसानं मारायचं. सुरुवात सगळ्या परवानाधारकांपासून करायची गरज नाही. आधी वनखात्याचे किंवा त्यांनी नेमलेले नेमबाज, त्यांच्या बंदुकांची नळी तपासून. खर्चाची ओरड होईल. पण राखणीला वर्षाकाठी झाडली जाणारी काडतुसं मोजकीच असतात आणि जोडीला सौर कुंपण नीट चाललं तर ती आणखी कमी होतात. परवानगीनं मारलेलं डुक्कर आतड्यांसकट खोल पुरावं, घळीत ढकलून देऊ नये. अशा काही जनावरांचं क्ष-किरण चित्र जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात काढलं, तर आपल्या बंदुकांचं शिसं मांसात किती पसरतं याचे आपलेच आकडे हाती येतील. परदेशी हरणांवर विसंबून राहायला नको.

एअरगनकडे वेगळं पाहावं लागेल. ठरावीक ताकदीच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही, त्यामुळे ती पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या हाती असते. तिचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, शिशाचाच. हरियाल, म्हणजे आपला राज्यपक्षी, होले, खंड्या, जे फांदीवर दिसेल त्यावर तो झाडला जातो, आणि यांतलं काहीही मारायला कायद्यानं मुभा नाही. त्याहून वाईट म्हणजे पटकन भरता यावेत म्हणून छर्रे ओठांत धरायची सवय. कथिलाचे, बिनशिशाचे छर्रे याच मापात मिळतात. एअरगन विकणाऱ्या दुकानांत शिशाच्या डब्यांची विक्री थांबवणं हे वरच्या सगळ्यापेक्षा सोपं आहे. त्याला ना नळी तपासावी लागते, ना नेम बसवावा लागतो.

आणि ज्यांच्या घरात जुनी शिशाची काडतुसं पडून आहेत त्यांनी ती खाडीत टाकू नयेत, परड्यात पुरू नयेत आणि छर्रे काढून घ्यायला उकलू तर मुळीच नयेत. परवान्यावर नोंद असलेली काडतुसं पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. ओलाव्यानं पितळ हिरवं पडलेलं असेल तर ती हलवण्याआधी ठाण्याला कळवावं.